आजोबांची शाल आणि माझा सर्व्हर

आता हे कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये काही लोक अजून मला वचकून असतात. मी लिफ्टमध्ये शिरले की तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी हळूच हात जोडतात. मला! नववीतल्या मुलीला, जिचा आवाज वर्गात पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही! आणि हे सगळं कशामुळे? माझ्या हुशारीमुळे. चहा घ्या, सांगते. फक्त आई आत आहे, तेव्हा हसायचं ते तोंडावर हात ठेवून.

बाबा पवईला एका इंजिनीअरिंग कंपनीत स्टोअर सांभाळतात. तिथे नकाशे काढायचे मोठे, दणकट कॉम्प्युटर होते. वर्कस्टेशन म्हणतात त्यांना. नवे आले तसे जुने भंगारात निघाले, आणि बाबांनी साहेबांना विचारून त्यातला एक रिक्षात घालून घरी आणला.

"हे काय? कपाट?" आईने दारातच विचारलं.

"कॉम्प्युटर. पूर्वाला पाहिजे होता."

"अहो, लोक कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसतात. हा आपल्याला मांडीवर घेईल!"

मला त्याचा घरचा सर्व्हर करायचा होता. म्हणजे काय, तर घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंगं एकाच ठिकाणी साठवणारी पेटी. फोन घरात आला, वायफायला लागला, की त्यातलं सगळं आपोआप पेटीत. आईचा फोन दर दोन दिवसांनी 'जागा नाही' म्हणून रडायचा, ते एक कारण होतं.

खरं कारण आजोबा होते.

आजोबा गेल्या वर्षी गेले. बाबांपासून बिल्डिंगपर्यंत सगळे त्यांना आपा म्हणायचे. ते परळच्या गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तरी त्यांच्या खिशातला पाना काही सुटला नाही; बिल्डिंगमधला प्रत्येक पंखा आणि प्रत्येक नळ त्यांच्या हाताखालून गेलेला. पण त्यांची खरी ओळख म्हणजे गाऱ्हाणं. आमचा गणपती घरीच येतो, आणि आरतीनंतर आजोबा हात जोडून मालवणीत देवाला गाऱ्हाणं घालायचे. त्यांचं एकेक वाक्य संपलं की सगळ्या घराने ओरडायचं, "व्हय महाराजा!" आमच्या घराण्याचं गाऱ्हाणं वेगळं आहे. त्यात गावच्या राखणदारापासून भांडुपच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यांची नावं येतात. ते कुठेही लिहिलेलं नाही. आजोबांच्या तोंडात होतं, आणि एका रेकॉर्डिंगमध्ये. शेवटच्या गणपतीला मी ते आजोबांच्याच फोनवर घेतलं होतं.

यंदा ते गाऱ्हाणं बाबांनी घालायचं होतं. बाबा माझ्यासारखेच. चारचौघांत उभे राहिले की स्वतःचं नावही विचार करून सांगतात.

"रेकॉर्डिंग ऐकून पाठ करीन," ते म्हणायचे. आणि रोज म्हणायचे, उद्यापासून.

तर मे महिन्याच्या सुट्टीत मी कामाला लागले. व्हिडिओ बघितले, फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, दोन डिस्क बसवल्या. दोन्हींवर तेच ते साठेल, एक गेली तरी दुसरी राहील, अशी व्यवस्था केली. घरच्यांना त्रास नको म्हणून कानात इयरफोन घालून बसायचे, तर आई म्हणायची, "ही बघा, पेटीला डॉक्टरसारखी तपासते!"

आजोबांचा फोन शेवटच्या घटका मोजत होता. त्यातलं सगळं मी सर्व्हरवर घेतलं आणि ऐटीत जाहीर केलं, "आता हा फोन पुसून देऊन टाका. आजोबा आता घरात कायमचे सुरक्षित आहेत."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या घरचे ते अजून विसरलेले नाहीत.

आता पेटी ठेवायची कुठे? हॉलमध्ये राउटर आणि मोकळा प्लग एकाच कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात पूर्वी आजोबांची खुर्ची असायची. आता वर भिंतीवर त्यांचा फोटो आहे, चंदनाच्या सालीचा हार घातलेला. त्याच्या बरोब्बर खाली मी सर्व्हर ठेवला.

"फोटोखाली हा काळा डबा बरा दिसत नाही," म्हणून आईने त्यावर क्रोशाचा जाड रुमाल घातला. पुढे तिला तो कमी वाटला आणि खाली पायघोळ येणारा पडदाच शिवला. मी कशाला बोलतेय? मी कधीच बोलत नाही.

श्रावण लागला. एका संध्याकाळी आईने देवापाशी दिवा लावला, बाबा दारात चपला काढत होते, मी भूगोलाची वही पूर्ण करत होते. आणि कोपऱ्यातून आवाज आला.

"चालू झाला काय गो ह्यां? माका तर काय दिसना नाय. बघ गो बाय जरा."

आजोबांचा आवाज. थोडा दबलेला, छातीत कफ असल्यासारखा. पण त्यांचाच.

बाबांची एक चप्पल पायात आणि एक हातात. आईच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा तिने ती टाकली. वर फोटोवरचा हार हळूहळू हलत होता. खिडकी बंद होती. पंखा बंद होता. तरी हार हलत होता, कोणीतरी मागून श्वास सोडावा तसा.

"टीव्ही?" बाबा कुजबुजले. टीव्ही बंद होता.

"फोन?" तिघांचे फोन गप्प होते. आजोबांचा तर कधीच गेला होता.

मग बाबांनी माझ्याकडे बघितलं. "पूर्वा, तुझ्या मशीनमधून तर नाही ना?"

आता इथे मी जरा थांबायला हवं होतं की नाही? तुम्ही थांबला असतात. मी मान ताठ केली आणि म्हटलं, "शक्यच नाही बाबा. त्याला स्पीकरच जोडलेला नाही. स्पीकर नाही तर आवाज येणार कुठून?"

माझ्या घरी कॉम्प्युटरच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. मी नाही म्हटलं म्हणजे नाही. मग उरलं कोण? आईने फोटोकडे बघून डोक्यावरून पदर घेतला.

दुसऱ्या दिवशी तेच. बाबांनी घरात पाऊल टाकलं, आम्ही वाट बघितली, आणि थोड्या वेळाने: "बघ गो बाय जरा." तिसऱ्या दिवशीही. आजोबा असतानाही असंच असायचं. बाबा कामावरून आले की खुर्चीतून पहिला आवाज त्यांचा.

मी विज्ञानाची मुलगी, मला रात्रीची झोप येईना. एक दिवस संध्याकाळी क्लासवरून आले तर घरात कोणी नव्हतं. आई भाजीला गेली होती. बाहेर आभाळ भरून आलेलं, हॉलमध्ये सगळं करडं झालेलं. दिव्याचं बटण त्याच कोपऱ्यात. मी भिंतीला पाठ लावून सरकत सरकत गेले, हात लांब केला, आणि माझ्या गुडघ्यापाशी, अगदी गुडघ्यापाशी, कोणीतरी म्हणालं, "चालू झाला काय गो?"

मी दिवा लावलाच नाही. मी जिन्यात जाऊन बसले. आई भाजी घेऊन आली तेव्हा तिला सांगितलं, "हवा खातेय."

"जिन्यात?" आई म्हणाली. पण तीही माझ्याशेजारी बसली. बाबा येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच भेंडी पुसत होतो.

मग व्हायचं तेच झालं. आईने समोरच्या तावडेकाकूंना सांगितलं. तावडेकाकू कणकवलीच्या. बिल्डिंगमध्ये कोणाला दृष्ट लागली, कोणाचं मूल रडायचं थांबेना, की आधी त्या आणि मग डॉक्टर. त्या कमरेवर हात ठेवून कोपऱ्यासमोर उभ्या राहिल्या. हार हलताना त्यांनीही बघितला.

"अगो, तेंची खुर्ची खंय गेली?"

"गच्चीवर ठेवली," आई म्हणाली.

"आणि थंय ह्यो डबो? म्हाताऱ्याची जागा घेतलास तुम्ही! बसतले खंय ते? आणि पावसाळ्याचे दिवस. तेंका थंडी वाजणा नसात?"

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने कपाटातून आजोबांची लोकरीची शाल काढली, गावाहून आणलेली, जाड, कुत्र्यालासुद्धा घाम फुटेल अशी, आणि सर्व्हरला पडद्यावरून नीट गुंडाळून घातली. समोर उदबत्ती लावली, वाटीत दूध ठेवलं.

आणि काय आश्चर्य! आजोबांचं बोलणं वाढलं. आता ते संध्याकाळची वाट बघेनात. दुपारी बोलायचे, सकाळी बोलायचे. आम्ही उदबत्त्या वाढवल्या, ते आणखी बोलले. शेजारच्यांनी एक मफलर आणून दिला, तोही गुंडाळला, तर आजोबा दर थोड्या वेळाने "बघ गो बाय जरा, बघ गो बाय जरा" असे मागेच लागले.

"खूश आहेत का रागावलेत?" आई विचारायची.

"काय तरी मागतत," तावडेकाकू म्हणायच्या. "विचारूक होया. गाऱ्हाणा घालूचा लागतला."

आणि तो रविवार उजाडला. संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये अर्धी बिल्डिंग. सोफ्यावर बायका, दारात पुरुष, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खास खुर्ची. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, भिंतीचा भाग झाल्यासारखी. मध्ये शाल पांघरलेला, मफलर गुंडाळलेला, हळदकुंकू लावलेला माझा सर्व्हर. आणि त्याच्यासमोर नारळ घेऊन बाबा.

"बा देवा महाराजा..." बाबा म्हणाले.

"व्हय महाराजा!" बिल्डिंग गर्जली.

"आज ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेयलो हा, तो मान्य करून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि... आणि..."

बाबांना पुढचं आठवेना. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. बाबांनी फोटोकडे बघितलं, शाळेत फळ्यापाशी अडकलेलं मूल बाईंकडे बघतं तसं.

आणि शालीच्या आतून, अगदी सावकाश: "माका तर काय दिसना नाय... बघ गो बाय जरा."

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जोरात सगळ्यांच्या आधी म्हटलं, "व्हय महाराजा!" मग सगळ्यांनी म्हटलं. सवयच ती! गाऱ्हाण्यात आवाज आला की तोंड आपोआप उघडतं.

हसू नका. तेव्हा कोणालाच हसू आलं नव्हतं. कारण लगेच शालीखालून घरघर सुरू झाली. आधी बारीक, मग वाढत वाढत, कोणाला तरी श्वास लागल्यासारखी. वरचा हार भिंतीवर टकटक आपटायला लागला. दोन बायकांनी एकमेकींचे हात पकडले.

आणि मला वास आला. उदबत्तीच्या मागून येणारा दुसरा वास. तापलेल्या धुळीचा, प्लॅस्टिकचा.

घरघर म्हणजे पंखा. मशीनच्या पाठचा पंखा. हार हलतो तो त्याच्याच वाऱ्याने. पंखा जिवाच्या आकांताने फिरतोय म्हणजे मशीन भाजतंय. आणि डिस्क, दोन्ही डिस्क, लोकरीच्या शालीत, मफलरसकट!

गाऱ्हाणं त्याच्यात होतं. फक्त त्याच्यातच होतं.

"शाल काढा," मी म्हटलं.

कोणी ऐकलं नाही. माझा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. "काकू, शाल काढा ना." काकूंनी मला हातानेच गप्प केलं. घरघर वाढली. बाबा अजून नारळ धरून उभे.

तेव्हा माझ्या पोटातून कुठून तरी आवाज निघाला, जो मी त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. जाडा, फाटका, घोगरा.

"शाल काढाऽऽ! जीव गुदमरतोयऽऽ!"

सगळी खोली माझ्याकडे वळली. मी केस मोकळे सोडलेले, कारण नुकतेच धुतले होते. डोळे धुराने लाल. अंग थरथरतंय, भीतीने.

"इले!" तावडेकाकू ओरडल्या. "आपा इले! चेडवाच्या अंगात इले!"

कोणीतरी माझ्या कपाळाला कुंकू फासलं. काकूंनी माझ्यासमोर बसून हात जोडले. "आपानू, काय व्हया तुमका? सांगा! काय दिऊ?"

"स्क्रूड्रायव्हर!" मी किंचाळले.

आता मला सांगा, गिरणीतल्या फिटरच्या भुताने दुसरं काय मागायचं? उरलीसुरली शंकाही गेली. "बघा! बघा! तेंचाच हत्यार!" एका काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाबांनी धावत जाऊन आजोबांच्या पिशवीतला स्क्रूड्रायव्हर आणून दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवला आणि माझ्या पाया पडले. माझे बाबा! माझ्या!

मी शाल ओढली. मफलर, पडदा, रुमाल, एकेक थर निघत गेला, कांदा सोलल्यासारखा. आतला पत्रा तव्यासारखा तापलेला. मी हात लावला आणि त्याच क्षणी घरघर थांबली. पेटीचा दिवा विझला. मशीन बंद.

"शांत झाले," मागून आजी म्हणाल्या.

मी प्लग उपटला आणि स्क्रू फिरवायला लागले. हात भाजत होते. लोक माझ्याभोवती गोल करून, अंतर ठेवून उभे. पत्रा निघाला. आणि पुढच्या जाळीच्या आतल्या बाजूला मला तो दिसला.

एक स्पीकर. छोटा, निरांजनाएवढा, गुपचूप बसलेला. कंपनीने आतच दिलेला.

आणि माझ्या डोळ्यांसमोर मे महिना उभा राहिला. डिस्क फार तापली तर मशीनने हाक मारून सांगावं, अशी सोय मीच केली होती. नुसत्या बीपऐवजी आजोबांच्या रेकॉर्डिंगची सुरुवात मीच लावली होती. ते फोनला घाबरून "चालू झाला काय गो" म्हणतात ना, तो तुकडा. 'बघ गो बाय जरा' याच्याहून चांगला इशारा कुठला? ऐकून बघितला, तो इयरफोनमध्ये. इयरफोन लावला की आतला स्पीकर गप्प बसतो, हे मला कुठे माहीत! बरं, मला ही सोय आठवली नव्हती का? आठवली होती हो, पहिल्याच दिवशी. पण स्पीकर नाही तर वाजणार कसं, म्हणून मीच तो विचार बाजूला टाकला. पत्रा उघडून बघितला नाही. आणि संध्याकाळीच का? कारण बाबा काय, मी काय, दाराशी आलो की फोन वायफायला लागतो, त्यातले फोटो पेटीत यायला लागतात, आणि पेटी तापते. ती बिचारी उकडतंय उकडतंय म्हणून हाका मारत होती, आणि आम्ही तिला मफलर घालत होतो!

"काय म्हणतात आपा?" काकूंनी दबक्या आवाजात विचारलं.

माझा नेहमीचा आवाज परत आला होता. "स्पीकर आहे," मी पुटपुटले.

काकूंनी वळून सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, "म्हणतत, स्पीकर आसा!"

"व्हय महाराजा!" खोली म्हणाली.

खरं काय ते मी सगळं सांगितलं. पण तीन जणांनाच ऐकू गेलं आणि त्यातल्या दोघांचा विश्वास बसला नाही. लोक प्रसादाचं खोबरं घेऊन, मला नमस्कार करून गेले.

मग घरात आम्ही तिघं आणि उघडी पेटी. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "गाऱ्हाणं?"

"थंड झाल्याशिवाय कळणार नाही," मी म्हटलं. आजोबा घरात कायमचे सुरक्षित आहेत, हे कोण म्हणालं होतं, ते कोणीच बोलून दाखवलं नाही. त्यामुळे तर जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. बाबाही थांबले. मी बटण दाबलं. पहिली डिस्क नुसतीच टक, टक, टक करत राहिली, बंद दारावर कोणी बोट आपटावं तशी. ती गेली होती. दुसरी गप्प. मग तीही जरा हलली, फिरली, स्क्रीनवर फोल्डर आले. मी आजोबांच्या फाईलवर क्लिक केलं. बाबांनी दाराची चौकट धरली होती.

"चालू झाला काय गो ह्यां?"

"झाला, आपा," बाबा म्हणाले. "झाला चालू."

त्यानंतर बाबांनी 'उद्यापासून' हा शब्द काढला नाही. रोज कामावरून आले की माझे इयरफोन कानात घालून पेटीसमोर स्टूल टाकून बसायचे आणि एकेक ओळ मागोमाग म्हणायचे. मी रेकॉर्डिंगच्या प्रती केल्या: माझ्या फोनवर, आईच्या, काकांकडे गावी, तावडेकाकूंकडेसुद्धा. आतल्या स्पीकरची वायर उपटून ड्रॉवरमध्ये टाकली. आजोबांची खुर्ची गच्चीवरून परत कोपऱ्यात आली आणि सर्व्हर तिच्या बाजूला गेला, उघडाबोडका.

गणपती आला. आरती झाली. हॉल गच्च भरलेला. बाबा नारळ घेऊन उभे राहिले आणि राखणदारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एकही नाव न चुकता म्हणत गेले. आवाज तर असा की आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, संपलं. पण बाबांनी एक ओळ स्वतःची जोडली.

"आणि रे महाराजा, ह्या माझ्या चेडवाक कॉम्प्युटरचा ग्यान दिलंस, तशी थोडी अक्कल पण दी रे महाराजा!"

"व्हय महाराजाऽऽ!"

इतका मोठा होकार आमच्या घराने देवाला कधी दिला नव्हता. माझासुद्धा त्यात होता, अगदी मनापासून.

फक्त तावडेकाकू अजून शपथेवर सांगतात की सगळ्यांच्या नंतर, जरा मागाहून, कोपऱ्यातून एक "व्हय महाराजा" आला. दबलेला, छातीत कफ असल्यासारखा. मी धावत जाऊन ड्रॉवर उघडून बघितला. वायर तिथेच होती.

म्हणजे बघा, माझ्या अकलेबद्दल आमच्या घराण्यात पूर्ण एकमत आहे. असलेल्यांचं, आणि नसलेल्यांचंही!